गुडघ्यावरची ती लाथ

नमस्कार श्रोतेहो.

आज मला बोलायचं आहे ते एका लाथेबद्दल. मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए, हा खेळ आता आपल्याकडची पोरंही रात्र रात्र जागून मोबाइलवर बघतात. जाळीच्या पिंजऱ्यात दोघं उतरतात. ठोसे चालतात, लाथा चालतात, कुस्ती चालते, गळा आवळणं चालतं. या सगळ्या धुमश्चक्रीत एक लाथ अशी आहे की बघणाऱ्याच्या चटकन लक्षातही येत नाही. उडी नाही, गिरकी नाही. खेळाडू पुढचा पाय थोडासा उचलतो, पाऊल बाहेरच्या बाजूला तिरकं करतो आणि तळवा समोरच्याच्या गुडघ्यावर, नाहीतर गुडघ्याच्या जरासा वर, सरळ रेटून मारतो. ऑब्लिक किक म्हणतात तिला. व्यावसायिक एमएमएच्या प्रचलित नियमांत ही लाथ बसते. ती बसता कामा नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी गुडघ्याचं बघू. गुडघा म्हणजे बिजागरी. मागे दुमडते, पुढे दुमडत नाही, बाजूला तर जवळजवळ हलतच नाही. तिला जागेवर धरून ठेवतात चार मुख्य अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट: दोन सांध्याच्या आत एकमेकांना छेद देणारे आणि दोन बाजूंना. शिवाय मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांवर घासू नये म्हणून मध्ये दोन गाद्या. आता पाय जमिनीत रोवलेला आहे, अंगाचा सगळा भार त्याच पायावर आहे, गुडघा जवळजवळ ताठ आहे, आणि नेमक्या त्या क्षणी समोरून लाथ आली, तर सांध्याला सुटायला जागाच राहत नाही. समोरून दाब आला की गुडघा उलटा मागे जातो. बाहेरून आला तर आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणला जातो, आतून आला तर बाहेरच्या बाजूचा. तो फाटायचा असेल तर एका लाथेत फाटतो.

मुए थाई या थायलंडच्या लढाऊ खेळातल्या मांडीवरच्या लाथेचं गणित याच्या अगदी उलटं आहे. तिथे नडगी गोल फिरून मांडीच्या स्नायूवर आदळते. लागतं, भरपूर लागतं. पाय काळानिळा पडतो, तिसऱ्या फेरीपर्यंत माणूस लंगडायला लागतो. पण हा मार साठत जातो. पंचाला दिसतो, कोपऱ्यात उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला दिसतो, खेळणाऱ्याला स्वतःला तर कळतोच. लढत थांबवायला वेळ मिळतो. आणि आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: या लाथेत मारणाराही जोखीम घेतो. समोरच्याने वेळेवर पाय उचलून नडगी आडवी धरली तर मारणाऱ्याचंच हाड मोडू शकतं. डिसेंबर 2013 मध्ये लास वेगासला अँडरसन सिल्व्हाचा पाय असाच मोडला, समोर होता ख्रिस वाइडमन. आणि एप्रिल 2021 मध्ये त्याच वाइडमनने युरायाह हॉलला पहिलीच लाथ घातली आणि त्याची स्वतःची नडगी मोडली. दोन्ही दृश्यं अंगावर काटा आणणारी आहेत. तरी त्यात एक न्याय आहे. जो मारायला गेला, त्याने स्वतःचा पाय पणाला लावला होता. गुडघ्यावर तळवा रेटणारा मात्र जवळजवळ काहीच पणाला लावत नाही.

मधल्या जागी येते पोटरीवरची लाथ. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला, एक नस हाडाला वळसा घालून अगदी कातडीजवळून जाते. तिथे दोन-चार नेमक्या लाथा बसल्या की पाऊल उचलेनासं होतं. जानेवारी 2021 मध्ये अबू धाबीला डस्टिन पॉरिएने कॉनर मॅकग्रेगरचा पाय असाच निकामी केला आणि मग ठोशांनी लढत जिंकली. ही लाथ मी बंद करा म्हणणार नाही. तिला बचाव आहे आणि तिचाही परिणाम साठत जाणारा आहे.

ऑब्लिक किक सर्वांच्या डोळ्यांत भरली ती जॉन जोन्स या अमेरिकन खेळाडूमुळे. सप्टेंबर 2011 मध्ये डेन्व्हरला रॅम्पेज जॅक्सनविरुद्ध त्याने ती पुन्हा पुन्हा वापरली. लांब पायांचा जोन्स दुरूनच गुडघ्यावर तळवा लावायचा आणि रॅम्पेजला जवळच येऊ द्यायचा नाही. जुलै 2017 मध्ये योएल रोमेरोने रॉबर्ट व्हिटेकरच्या आधीच दुखऱ्या गुडघ्यावर तीच लाथ मारली. व्हिटेकर त्याच पायावर पाचही फेऱ्या लढला आणि जिंकला. या जिद्दीचं कौतुक करावं तेवढं थोडंच, पण त्या कौतुकात मूळ प्रश्न झाकला गेला.

4 सप्टेंबर 2021 ला तो झाकता आला नाही. लास वेगासमधली लढत, दुसरी फेरी. खलील राउंट्रीने मोडेस्टास बुकाउस्कसच्या पुढच्या पायावर बाजूने तळवा दाबून लाथ मारली. बुकाउस्कसचा भार त्याच पायावर होता. ज्या दिशेला गुडघा कधीच वाकत नाही त्या दिशेला तो वाकला, आणि बुकाउस्कस ओरडत खाली पडला. लढत तिथेच संपली. राउंट्रीने एकही नियम मोडला नव्हता, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. बुकाउस्कसच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, यूएफसी या एमएमएच्या सगळ्यात मोठ्या संघटनेशी असलेला करार गेला, वर्षभर पिंजऱ्याबाहेर राहावं लागलं. फेब्रुवारी 2023 मध्ये तो पर्थला यूएफसीत परतला आणि जिंकलाही. परत आला म्हणून आपल्याला त्याचं नाव माहीत आहे. लहान गावातल्या लहान स्पर्धेत ज्यांचा गुडघा जातो, त्यांची नावं कोणाच्या कानावर येत नाहीत.

आता नियमांकडे वळू. एमएमएचे एकत्रित नियम अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात 2000 च्या सुमारास आकाराला आले. डोळ्यांत बोट घालणं, जांघेत मारणं, डोक्याच्या मागे आणि मणक्यावर मारणं, सुटं बोट धरून पिरगाळणं, पडलेल्याच्या डोक्याला लाथ मारणं, हे सगळं फाऊल. म्हणजे करंगळीची काळजी घेतली, गुडघ्याची राहिली. त्याच यादीत आणखी एक फाऊल होतं: कोपर वरून सरळ खाली मारणं. डिसेंबर 2009 मध्ये मॅट हॅमिलला अशी कोपरं मारली म्हणून जॉन जोन्सला बाद ठरवलं गेलं, आणि त्याच्या नोंदीतला तो एकमेव पराभव. पुढे 2024 मध्ये कोपराचा हा नियम काढून टाकण्यात आला. म्हणजे ज्या फटक्याने जोन्सला पराभव दिला तो आता चालतो, आणि ज्या लाथेने त्याने इतरांचे गुडघे धोक्यात आणले ती कधी बंदच नव्हती. यातून मी एवढंच घेतो की नियम म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. माणसांनी केले, माणसं बदलतात.

इतर खेळांनी ते बदलले आहेत. तायक्वांदोत कमरेखाली लाथ मारली की दंडाचा गुण जातो. ज्युदोत कानी-बासामी नावाचा डाव होता. समोरच्याच्या पायांना स्वतःच्या पायांची कात्री घालून त्याला मागे पाडायचं. 1980 मध्ये जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत सुमिओ एंडोने हा डाव टाकला आणि यासुहिरो यामाशिताचं पायाचं हाड मोडलं. यामाशिता म्हणजे त्या काळातला सर्वश्रेष्ठ ज्युदोपटू. पुढे हा डाव स्पर्धांमध्ये बंद झाला आणि ज्युदोचं काहीही अडलं नाही. आपल्या कबड्डीतही चढाईपटूचा घोटा धरा, मांडी धरा, साखळी करून कोंडा, सगळं चालतं. पायांची कैची घालून त्याला पकडणं मात्र नियमाबाहेर. कबड्डीला कोणी मिळमिळीत खेळ म्हणेल का?

सावात या फ्रान्समधल्या लाथा-ठोशांच्या खेळाचं उदाहरण माझ्या विरोधात जातं, तेही सांगतो. तिथे बूट घालून गुडघ्याच्या पातळीला लाथा मारतात आणि तो खेळ पिढ्यानपिढ्या चालू आहे. पण सावातमध्ये खाली वाकून पाय धरायला कोणी येत नाही. एमएमएत कुस्तीचा हल्ला अडवायचा म्हणून खेळाडू गुडघे वाकवून, भार पुढे टाकून उभा असतो आणि ठोसा मारताना पुढच्या पायावर रोवला जातो. तो पाय पटकन उचलता येत नाही.

बंदीला विरोध करणाऱ्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा डोक्याचा आहे. ते म्हणतात, मेंदूला मार बसलेला चालतो आणि गुडघ्याला नाही, हा कुठला न्याय? गुडघा शिवता येतो, मेंदू शिवता येत नाही. हे खरं आहे, आणि मी ते उडवून लावणार नाही. डोक्याला बसणारा मार हा या खेळाचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि राहील. पण डोक्यासाठी निदान काही व्यवस्था आहे. मागून मारणं बंद, पडलेल्याला लाथ बंद, खेळाडू स्वतःचा बचाव करेनासा झाला की पंच मध्ये पडतो, नॉकआउटनंतर काही काळ सक्तीची विश्रांती. सांधे पिरगाळण्याच्या डावातसुद्धा हाताने थाप मारून हार मानता येते. ऑब्लिक किकमध्ये थाप मारायला क्षण मिळत नाही, पंचाला पाऊल टाकायला क्षण मिळत नाही. मोठा धोका शिल्लक आहे म्हणून दुसरा धोका तसाच राहू द्यायचा, हा युक्तिवाद मला पटत नाही.

दुसरा मुद्दा पंचांचा. लाथ मांडीवर बसली की गुडघ्यावर, हे त्या वेगात कसं ठरवायचं? म्हणून जागेवर भांडू नये. लाथेचा प्रकार बघावा. तळवा किंवा टाच पुढे करून, सरळ रेषेत, समोरच्याच्या उभ्या पायावर मारली, की फाऊल. नडगीची गोल लाथ चालू राहू दे. यात मांडीवर तळवा लावून समोरच्याला दूर ठेवण्याचं एक चांगलं तंत्रही जाईल. जाऊ दे. तेवढी किंमत मोजावी.

मला हे इतक्या तळमळीने सांगावंसं वाटतं ते आपल्या पोरांमुळे. 2012 मध्ये मुंबईत सुपर फाइट लीग ही एमएमए स्पर्धा सुरू झाली, 2019 मध्ये मॅट्रिक्स फाइट नाइट. मुंबईचा भरत खंदारे 2017 मध्ये यूएफसीत लढला. जून 2024 मध्ये पूजा तोमर तिथे जिंकणारी पहिली भारतीय ठरली. त्यामुळे आता तालमीत घाम गाळलेली, कबड्डी खेळलेली पोरं जिममध्ये हातमोजे घालून उभी राहतात. यातल्या कितीतरी जणांचा दुसरा डोळा पोलीस भरतीवर असतो. भरतीत मुलांना 1600 मीटर धावायचं असतं, मुलींना 800. फाटलेल्या लिगामेंटवर ते धावणं होत नाही. शस्त्रक्रिया करायची तर मोठा खर्च, नंतर नऊ महिने ते वर्षभर व्यायाम, आणि तोवर वयाची मर्यादा डोक्यावर टांगलेली. मोठ्या संघटनेच्या खेळाडूमागे डॉक्टर असतात, विमा असतो. आपल्या पोरामागे आईबाप असतात आणि त्यांनी काढलेलं कर्ज असतं.

म्हणून हौशी स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे: तुमच्या नियमावलीत ही ओळ घाला. इजा झाली नाही तरी गुण कापा, आणि इजा झाली तर मारणाऱ्याला बाद करा. पालकांनो, पोराला जिममध्ये घालताना फी विचारता तसं हेही विचारा, की सरावात गुडघ्यावर सरळ लाथ मारू देता का. आणि प्रशिक्षकांनो, या लाथेचा बचाव जरूर शिकवा, पाय कधी उचलायचा, भार कधी मागे घ्यायचा, सगळं शिकवा; पण शिकवताना पॅड धरा, जोडीदाराचा गुडघा नको. त्यासाठी लास वेगासहून कोणाचं पत्र यायची वाट बघायला नको. उद्या सकाळच्या सरावापासून सुरू करता येईल.

नमस्कार.