बिस्किटाच्या डब्यातलं बायबल

(दृश्य: टेबलावर जाड, अरुंद बांधणीचं जुनं पुस्तक. शेजारी पत्र्याचा डबा.)

युगांडातल्या लुगांडा भाषेतलं हे जुनं बायबल पाहिलं की आधी नजरेत भरतो तो त्याचा आकार. रुंदी बेताची, जाडी भरपूर. त्या काळी हंटले अँड पामर्स या इंग्रजी कंपनीची बिस्किटं पत्र्याच्या डब्यांतून पूर्व आफ्रिकेत पोहोचत. बिस्किटं संपली की डबा उरे. त्या डब्यात बरोबर बसावं, म्हणून पुस्तकाचं माप असं ठरवलं. गवतानं शाकारलेल्या घरात कागदाचा वैरी एकच, वाळवी. पुस्तक कुणाच्या घरात राहणार आहे याचा विचार छापण्याआधीच झाला होता, आणि म्हणूनच मला हे पुस्तक फार मोलाचं वाटतं.

(दृश्य: व्हिक्टोरिया सरोवर. काठाला लागलेले पडाव.)

1878 साली अलेक्झांडर मॅके हा स्कॉटिश इंजिनिअर मिशनरी म्हणून बुगांडाच्या, म्हणजे आजच्या युगांडातल्या एका राज्याच्या, राजधानीत आला. हाताशी छोटं छापयंत्र होतं. त्यावर आधी सुटे कागद छापले गेले: मुळाक्षरं, प्रार्थना, वचनं. पुढे जॉर्ज पिल्किंग्टन या मिशनऱ्यानं भाषांतराचं मोठं काम अंगावर घेतलं. त्याच्या शेजारी बसून शब्द न् शब्द पारखणारा माणूस होता हेन्री राइट डुटा, बुगांडातल्या पहिल्या ख्रिस्ती लोकांपैकी एक. 1896 मध्ये संपूर्ण बायबल लुगांडात तयार झालं. मिशनच्या इतिहासात पिल्किंग्टनचं नाव ठळक येतं. डुटाचं नाव तेवढ्याच ठळकपणे यायला हवं.

पण पुस्तक तयार होणं वेगळं आणि गावात पोहोचणं वेगळं. 1901 मध्ये रेल्वे मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराला भिडली. तोवर प्रत्येक गठ्ठा समुद्रकिनाऱ्यापासून माणसांच्या डोक्यावरून आला. कित्येक आठवड्यांची पायपीट, मग सरोवर ओलांडायला पडाव.

(दृश्य: नाशिक, शरणपूर परिसर.)

या वाटेशी आपल्या नाशिकचंही नातं आहे. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली जात, तेव्हा सुटका झालेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जात. त्यांतली अनेक शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. मोठी झाल्यावर त्यांतले काही जण शिक्षक आणि धर्मप्रचारक म्हणून मोंबासाजवळच्या रबाईला परतले. विल्यम जोन्स हा त्यांच्यातलाच एक. 1885 मध्ये अँग्लिकन बिशप हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले तेव्हा जोन्स त्यांच्या तांड्यात होता. बुगांडाच्या पूर्वेला असलेल्या बुसोगात हॅनिंग्टन मारले गेले. उरलेल्या माणसांना घेऊन जोन्स रबाईला परत आला. मुंबईचाही यात वाटा आहे. त्याच रबाईच्या परिसरातल्या भाषेत जर्मन मिशनरी क्राफ यांनी भाषांतरित केलेलं लूकचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, 1848 मध्ये मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये छापलं गेलं.

(दृश्य: गवताचं छप्पर. खाली गोल करून बसलेली माणसं.)

पुस्तक एक आणि वाचणारे दहा-बारा. ते मध्ये जमिनीवर ठेवायचं आणि भोवती सगळ्यांनी बसायचं. कुणाला अक्षरं सरळ दिसत, कुणाला आडवी, कुणाला पार उलटी. ज्याची जी जागा, त्याला त्याच बाजूनं वाचायची सवय लागे! बाप्तिस्मा हवा असेल तर शुभवर्तमान स्वतः वाचता आलं पाहिजे, असा अँग्लिकन मिशनचा दंडक होता. वृद्धांना आणि अंधांना तेवढी सूट मिळे. पुस्तकं फुकट वाटत नसत. लोक कवड्या मोजून विकत घेत, आणि नवी पुस्तकं आली की झुंबड उडे.

बुगांडाचा राजा म्वांगा याच्या काळात याच वाचणाऱ्यांवर संकट कोसळलं. 3 जून 1886 रोजी नामुगोंगोला अनेकांना जिवंत जाळलं गेलं. त्यांत अँग्लिकन होते, कॅथलिकही होते. तरीही वाचन थांबलं नाही. रात्री, दारं लावून, ते चालू राहिलं.

1890 च्या दशकात बुगांडातले तरुण खेड्याखेड्यांत निघाले. त्यांचा खर्च इंग्लंडहून येत नव्हता, स्थानिक मंडळी भागवत. गाव खायला घाले, राहायला झोपडी देई, आणि शिक्षक तिथे महिनोन्‌महिने राही. अपोलो किवेबुलाया 1896 मध्ये असाच काँगोच्या बाजूच्या म्बोगाला गेला. त्याला मार बसला, तुरुंगवास घडला. तरी तो पुन्हा तिथेच गेला आणि 1933 मध्ये तिथेच वारला. उतारवयात त्यानं जंगलात राहणाऱ्या म्बुटी लोकांच्या भाषेत मार्कचं शुभवर्तमान उतरवलं. या सगळ्या कथेत मला सर्वांत जवळचा वाटतो तो अपोलो. पुस्तक हातात ठेवून पुढच्या गावाला जाणं त्याला कधीही जमलं असतं.

एक बोचरी गोष्टही सांगितली पाहिजे. बुगांडाचे शिक्षक शेजारच्या प्रदेशांत गेले तेव्हा लुगांडा भाषाही बरोबर गेली, आणि इंग्रजांच्या राज्यकारभारात गांडा, म्हणजे बुगांडाचे, अधिकारीही आले. शेजारच्या बुन्योरो राज्यातल्या लोकांना ते सहन झालं नाही. 1907 मध्ये त्यांनी गांडा अधिकाऱ्यांविरुद्ध उघड बंड केलं. शेजाऱ्याच्या भाषेतलं पुस्तक हातात घेताना माणसाला आपण खाली ढकलले गेल्यासारखं वाटू शकतं. बुन्योरो आणि शेजारच्या टोरो राज्याच्या भाषेत पुढे शुभवर्तमानं आली, ती हवीच होती.

(दृश्य: तांबड्या मातीचा रस्ता. मोटरसायकलवर बांधलेलं खोकं.)

आज युगांडात पुस्तकं गावोगावी नेण्याचं काम गावातल्या चर्चचे स्वयंसेवक करतात. शेतकरी, शिक्षक, शिंपीकाम करणाऱ्या बाया. शहरापासून बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल. पुढे सायकल. पावसात रस्ता चिखलात गेला की पायी. खोक्यात पुस्तकांबरोबर सौरऊर्जेवर चालणारी छोटी ध्वनियंत्रं असतात, कारण अनेक आजी-आजोबांना वाचता येत नाही. झाडाखाली मंडळी जमतात, एक अध्याय ऐकतात, मग बोलतात. बोलण्याला ऐकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तसंच व्हायला हवं.

(दृश्य: बिडीबिडी, युगांडाचा उत्तर-पश्चिम कोपरा.)

2016 मध्ये दक्षिण सुदानमधलं युद्ध पुन्हा भडकलं आणि यूंबे जिल्ह्यात बिडीबिडी ही निर्वासितांची वसाहत उभी राहिली. दोन लाखांहून अधिक माणसं. घर सोडताना पुस्तक कोण उचलणार? इथे भाषेची निवड फार महत्त्वाची ठरते. इंग्रजी पुस्तकांची खोकी पाठवणं सोपं असतं, पण ती वाचणारे थोडे. काक्वा भाषा मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना बोलली जाते. त्यामुळे युगांडातला काक्वा स्वयंसेवक पलीकडून आलेल्या काक्वा कुटुंबाबरोबर त्यांच्याच बोलीत वाचायला बसू शकतो.

आफ्रिकेतल्या अशा कामाला मदत करायची असेल, तर पुस्तकांच्या संख्येआधी विचारा: कोणती भाषा, आणि पुढच्या महिन्यात तिथे परत कोण जाणार आहे? मग विचारा, स्वयंसेवकाच्या सायकलला टायर आहेत का, मोठ्या अक्षरांतल्या प्रती आहेत का, आणि चाळिशी उलटलेल्यांसाठी वाचायचे चष्मे आहेत का.