मे महिन्यातलं दक्षिणेचं आकाश

श्रोतेहो, नमस्कार. आकाशदर्शन म्हटलं की आपण बहुतेक जण उत्तरेकडे तोंड करतो. ध्रुव दाखवला, सप्तर्षी मोजले, झालं. आज उत्तरेकडे पाठ करू आणि दक्षिणेला, अगदी क्षितिजालगत बघू. मे महिन्यातली संध्याकाळ त्यासाठी सगळ्यात सोयीची.

जागा मात्र नीट निवडा. समोर दक्षिणेला डोंगर, इमारत किंवा दिव्यांचा झगमगाट नको. तळकोकणात आणि गोव्यात काम सोपं. नागपूरकरांना जरा कठीण, कारण जितकं उत्तरेला जाल तितके हे तारे खाली सरकतात. चांदणं नको, म्हणून अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा. वळवाची सर येऊन धूळ बसली आणि आभाळ मोकळं झालं, तर ती रात्र अजिबात सोडू नका.

१५ मेच्या सुमारास रात्री साडेनऊला दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. वर चार ताऱ्यांचा वाकडा चौकोन दिसतो, ते हस्त नक्षत्र. त्याच्या डावीकडे ठळक, पांढरी चित्रा. आता गवंडी ओळंबा सोडतो तशी हस्तातून एक रेघ सरळ खाली सोडा. क्षितिजाच्या थोडं वर फुलीच्या टोकांवर चार तारे उभे असतील. हा त्रिशंकू. विश्वामित्रांनी सदेह स्वर्गात धाडलेला, इंद्राने ढकलून दिलेला आणि मधेच लटकलेला तोच राजा.

रत्नागिरीहून त्याचा पायथ्याचा तारा क्षितिजापासून जेमतेम १० अंश वर येतो. हात लांब करून मूठ धरली, की तिची रुंदी साधारण तेवढी भरते. माथ्याचा तारा तांबूस आहे, बाकीचे निळसर पांढरे. हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. दिल्लीकरांना तो पायथ्याचा तारा कधीच दिसत नाही. तेवढ्यापुरतं आपण नशीबवान! मेलबर्नला कोणी नातेवाईक असतील, तर त्यांच्याकडे मात्र त्रिशंकू वर्षभर मावळतच नाही.

महिन्याच्या सुरुवातीला, अंधार पडल्या पडल्या, नैऋत्येकडे अशीच एक मोठी, फिकट फुली दिसते. तिला फसू नका. खऱ्या त्रिशंकूच्या डावीकडे दोन तेजस्वी तारे असतात, आधी मित्रक आणि त्याच्यामागून मित्र. अकरापर्यंत दोघंही छान वर येतात. यातला मित्र आपला शेजारी, सुमारे ४.४ प्रकाशवर्षांवरचा. तो एकटा नाही, जोडतारा आहे, हे पहिल्यांदा लक्षात आलं ते आपल्याच देशात. डिसेंबर १६८९मध्ये पुदुच्चेरीत धूमकेतू न्याहाळत असताना फादर रिशो या फ्रेंच जेसुइट धर्मगुरूंना दुर्बिणीतून तिथे दोन तारे दिसले.

साडेदहाला चित्रेतूनही तशीच रेघ खाली सोडा. क्षितिजापासून अडीच मुठींवर धूसर ठिपका सापडेल. साध्या द्विनेत्रीतून तो गोल, कापसासारखा दिसतो. हा ओमेगा सेंटॉरी, जवळजवळ एक कोटी ताऱ्यांचा गुच्छ, १७ हजार प्रकाशवर्षांवर. माझ्या मते सगळ्या महिन्यातलं खरं बघण्यासारखं हेच. द्विनेत्री शेजाऱ्याकडून मागून आणावी लागली तरी आणा.

महिनाअखेरीला हे सगळं तासभर आधी उरकतं, तेव्हा जेवणं लवकर आटपा. जूनमध्ये ढग आले की संपलं. मग थेट पुढच्या मार्चमध्ये, तेही मध्यरात्र उलटल्यावर.