दारावरचे दोन ठोके

नमस्कार श्रोतेहो. आज घरातल्या माणसांच्या गोष्टींबद्दल बोलणार आहे. आपल्याच घरातल्या, आपल्याच माणसांच्या.

माझे बाबा घरी आले की घंटा कधी वाजवायचे नाहीत. दारावर दोन ठोके द्यायचे. टक, टक. दार उघडं असलं तरी आधी चौकटीवर दोन ठोके, मगच आत पाऊल. आम्ही लहानपणापासून ते ऐकत आलो. का, म्हणून कुणी कधी विचारलं नाही. अंगवळणी पडलेल्या गोष्टीबद्दल कोण विचारतं?

बाबा 75 वर्षांचे झाले, तेव्हा एका दुपारी मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, "बाबा, लहानपणीचं काही सांगा ना."

"काय सांगायचं? चारचौघांसारखंच गेलं."

झालं, विषयच संपला. मग मला ते ठोके आठवले. "बाबा, तुम्ही दोनदाच का ठोकता?"

बाबा गप्प. रेकॉर्डिंगमध्ये तेवढा वेळ नुसता पंख्याचा आवाज आहे. मग म्हणाले, "अगं, ते ताईसाठी."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. नवव्या वर्षी तापात तिचे कान गेले. दुपारी ती घरात एकटीच, आतून कडी लावलेली. हाक मारून उपयोग नाही. म्हणून ती दाराला पाठ टेकून बसायची. बाबा शाळेतून आले की दोन ठोके द्यायचे, ते तिला पाठीत कळायचे. तीन ठोके म्हणजे आई. दोन म्हणजे धाकटा भाऊ. बाबा विशीत असताना आत्या गेली. तिचा फोटो आमच्या भिंतीवर कायम होता. पण ती दाराला पाठ लावून बाबांची वाट बघायची, हे मला चाळिशीत कळलं.

मोठी माणसं बोलायला बसली की मुलांना "जा, आत खेळा" म्हणून उठवतात, ते मला मुळीच पटत नाही. बसू द्या त्यांना. अर्धं कळेल, अर्धं पुढे कधीतरी कळेल.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायवुश यांनी 2001 मध्ये मुलांना 20 प्रश्न विचारले होते. आजी-आजोबा कुठे वाढले, आई-बाबा कुठे भेटले, असे साधे. ज्यांना घरातलं जास्त ठाऊक होतं, त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त दिसला. पण उत्तरं पाठ करून घेतली म्हणून हे होत नाही, असं ड्यूक यांनीच स्पष्ट केलंय. एकत्र बसून सांगणं-ऐकणं लागतं.

म्हणून लहान प्रश्न विचारा. "तुमचं आयुष्य सांगा" असं नको. एखादी सवय, हातावरचा एखादा व्रण, त्याबद्दल विचारा. पुन्हा सांगते, लहान प्रश्न विचारा.

ठोके कसे द्यायचे, ते बाबांनी त्या दिवशी टेबलावर वाजवून दाखवलं होतं. नंतर म्हणाले, "लाव बघू परत." मी लावलं. ते दोन ठोके आले, तसा त्यांनी पंजा टेबलावर पालथा ठेवला आणि डोळे मिटले.

ते रेकॉर्डिंग मी आज सोबत आणलंय. आवाज थोडा वाढवा.