आषाढ आणि भिंतीवरची चित्रं

मित्रहो, तुम्ही मला चित्रांवर बोलायला बोलावलंत आणि मी सुरुवात करणार आहे पावसापासून. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. इथं भिंत रंगवणाऱ्याची गाठ समीक्षकाआधी आषाढाशी पडते.

आमच्या वाड्यावरच्या एका कुंपणभिंतीवर नुस्तेकान्न, म्हणजे मासळीवाली, रंगवली होती. फीत कापली, फोटो निघाले, भाषणं झाली. दुसऱ्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, तिच्या गालावर पोपडे धरले. तिसऱ्या पावसात चेहरा गेला, टोपली तेवढी शाबूत राहिली. खरं सांगायचं तर चित्र त्यानंतरच जरा बघण्यासारखं झालं.

दोष चित्रकाराचा नव्हता. आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, पाणी पितो. वरून प्लास्टिकसारखा रंग फासला की आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि ती रंगालाच ढकलून बाहेर येते. जुन्या कारागिरांना हे ठाऊक होतं. मोरजीच्या मोरजाई मंदिरात कावी काम आहे. चुन्याच्या गिलाव्यावर हुरमुंजी तांबडा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. इथं रंग भिंतीवर बसत नाही, भिंतीचाच होतो. चुना श्वास घेतो, म्हणून असं काम पिढ्यान् पिढ्या टिकतं. आता हायवेच्या पुलाखाली कावी करा असं मी म्हणत नाही. पण निविदेत रंगाच्या डब्यांची संख्या असते, देखभालीची ओळ नसते, ती का नसते?

टिकलं म्हणजे चांगलं, असंही नाही. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेत जॉर्ज कोलासो यांच्या 1935 सालच्या निळ्या फरशा आहेत. त्यांवर वास्को द गामाचा गौरव आहे. राज्यकर्ते गेले, फरशा राहिल्या. त्या बघताना मला राग येतो आणि कामाची सफाई बघून हातही जोडावेसे वाटतात. दोन्ही एकदम.

आणि जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारियाचा पुतळा बघा. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी 1945 साली केलेला. हात पसरून उभा असलेला पाद्री आणि समोर कोसळणारी बाई. तिथून जाणारं प्रत्येक पोर विचारतं, हा तिला काय करतोय? मग कांदोळीत जन्मलेल्या, संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या माणसाची गोष्ट सांगावीच लागते. आपल्या नव्या भिंतींवर माड, होडी, पाव, पुन्हा माड. त्या बघून कोणतं पोर काय विचारणार? ही चित्रं पाहुण्यांसाठी आहेत. पणजीच्या फोंतेनियास वस्तीत नुसती रंगीत घरं आहेत, तरी फोटोवाल्यांना आवरायला रहिवाशांना पाट्या लावाव्या लागल्या.

मला विचाराल तर गोव्यातली सर्वांत जिवंत सार्वजनिक कला म्हणजे दिवाळीतला नरकासुराचा पुतळा. वाड्यावरची पोरं वर्गणी काढतात, रात्री जागवतात, कागद चिकटवतात. (कर्णे जरा कमी वाजवले तर बरं होईल.) पहाटे तो जाळतात. देखभालीचा प्रश्नच नाही!

यंदा त्या नुस्तेकान्नीच्या जागी नवं चित्र काढायचं घाटतंय. विषय सुचवा म्हणून मंडळी माझ्याकडे आली होती. मी म्हटलं, आधी भिंतीमागे साचणाऱ्या पाण्याला वाट करून द्या, विषयाचं मग बघू.