एक्क्याण्णव टेकड्यांपलीकडचं घर

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. दक्षिण आफ्रिकेच्या वायव्येला, नामिबिया आणि बोत्सवानाच्या सीमांना टेकून कलहारीचं वाळवंट पसरलंय. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात औब नावाची नदी आहे. नदी म्हणायची, पण पाणी क्वचितच. तिच्या कोरड्या पात्राच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्यावर एका थांब्याला आपली गाडी ठेवायची आणि मी राहिले त्या लॉजच्या जीपमध्ये बसायचं. मग वाळूच्या तांबड्या टेकड्या सुरू होतात. चढा, उतरा, पुन्हा चढा. अशा ९१ टेकड्या. मी पंचविसाव्यापर्यंत मोजल्या, मग नुसती बघत राहिले.

शेवटच्या टेकडीवरून खाली मिठागरासारखा एक पांढरा, सपाट खळगा दिसतो. त्याचा आकार हृदयासारखा. म्हणून लॉजचं नाव ‘खाउस’. नामा या तिथल्या भाषेत खाउस म्हणजे हृदय. या शब्दाच्या सुरुवातीला एक टिचकी आहे. जीभ टाळूला लावून झटकन सोडली की ‘टॉक्’ असा आवाज येतो ना, तो. आपल्या बाराखडीत त्याला अक्षर नाही. मला तो तिसऱ्या दिवशी निघताना जेमतेम जमला.

हे लॉज दोन समाजांच्या सामाईक मालकीचं आहे: खोमानी सान आणि मीर. सान म्हणजे ज्यांना जग ‘बुशमन’ म्हणत आलं, ते; मीर म्हणजे शेजारच्या भागातले पशुपालक. १९३१ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं, आणि पिढ्यानपिढ्या तिथं शिकार करून, कंदमुळं खणून जगणारी माणसं हळूहळू बाहेर पडली, पाडली गेली. एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. १९३६ साली जोहान्सबर्गमध्ये ब्रिटिश साम्राज्याचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यात या भागातले सान स्त्री-पुरुष आणि मुलं प्रेक्षकांना दाखवायला नेऊन ठेवली होती. तिकीट काढून लोक त्यांना बघत होते.

पुढे वर्णभेदी राजवट गेली, सान लोकांनी जमिनीचा दावा लावला, आणि २१ मार्च १९९९ रोजी तो मान्य होऊन करार झाला. या दाव्यात पुढे असलेले त्यांचे वडीलधारे नेते डेव्हिड क्रूपर २०१२ साली वारले. उद्यानाबाहेर शेतजमिनी मिळाल्या, आणि २००२च्या कराराने उद्यानाच्या आतही दोन्ही समाजांना प्रत्येकी सुमारे २५,००० हेक्टर. त्याच जमिनीवर २००७ साली खाउस सुरू झालं.

आता माझी अडचण ऐका. लॉजपासून चालत जाण्याच्या अंतरावर सान कारागीर बसतात. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी घासतात, हाडांवर कोरीवकाम करतात. पाहुणे बघायला जातात. मीही गेले, आणि पाय अडखळले. १९३६ आणि हे, यात फरक तो काय? मी कॅमेरा काढला तेव्हा मणी घासणाऱ्या आजींनी मान न उचलता आफ्रिकान्समध्ये, म्हणजे डचमधून आलेल्या तिथल्या भाषेत, काहीतरी म्हटलं. वाटाड्यानं सांगितलं, ‘आज नको म्हणतायत.’ मी कॅमेरा पिशवीत ठेवला. आजींनी शेजारची जागा हातानं झाडली आणि मला बसायला सांगितलं. तासभर बसले. घासण्याचा तो खरखर आवाज अजून कानात आहे.

१९३६च्या त्या मंडपात ‘आज नको’ म्हणायची सोय नव्हती. माझ्यासाठी सगळा फरक तिथे आहे. सगळं सुरळीत झालंय असं मी म्हणणार नाही. इतक्या आडजागी लॉज चालवायला पैसा आणि बाहेरचे जाणकार लागतात, आणि सातबारा नावावर आला म्हणून घराघरात पगार पोचतोच असं नाही. आपल्याकडे मेळघाटात, ताडोब्यात आदिवासी तरुण गाइड होतात, जिप्सी चालवतात, उत्तम चालवतात. मी मात्र परतल्यापासून प्रत्येक जंगलातल्या रिसॉर्टवर एकच विचारते, जमीन कोणाच्या नावावर आहे?

शेवटच्या पहाटे वाटाड्यानं आम्हाला वाळूवर उकिडवं बसवलं. रात्रभराची ये-जा तिथे उमटली होती. एक गेम्सबॉक हरीण, एक कोल्हा, आणि त्यांच्यावरून ओढत गेलेली बारीक रेघ. ‘ही वाऱ्यानं हललेल्या गवताची,’ तो म्हणाला. मग आमच्या बुटांच्या ठशांकडे बोट दाखवून म्हणाला, ‘आणि हे पाहुणे.’