गाठ तर जन्मापासूनच आहे

बायामाणसं बसली आहेत म्हणून विषय टाळू नका असं सरपंचांनीच सांगितलं, बरं केलं. गड्याची लघवी अडली का पहिले बायकोलेच समजते, तो मात्र तीन महिने कोणाले सांगत नाई. बैल बसला तर रातोरात डॉक्टर बोलावते लेकाचा, अन् स्वतःचं आलं का "होईल बरं".

माझी तक्रार एका शब्दावर आहे, गाठ. प्रोस्टेटले पुस्तकात पुरस्थ ग्रंथी म्हणतात, ते कोणाच्या तोंडात बसत नाई म्हणून दवाखान्यातही प्रोस्टेटची गाठच म्हणतात. अन् गाठ म्हटलं का आपला माणूस सरळ कॅन्सरवर जाते. अरे बावा, ते गाठ प्रत्येक गड्याले जन्मापासूनच असते! मूत्राशयाच्या खाली, अक्रोडाएवढी, अक्रोड नसंल पाहिला तर आवळा म्हणा, तरुणपणी वजन २० ग्रॅमच्या आसपास, अन् लघवीची नळी तिच्या मधातून जाते. म्हणून सुजली का धार आवळते.

मी आरोग्य खात्यात २८ वर्षं मलेरियाच्या स्लाइडी घेत गावोगाव फिरलो, तरी माझी मती गेली. वय ४७, वेचणीचे दिवस, संध्याकाळी असा थंडी वाजून ताप भरला का दोन गोधड्या पुरेनात. मलेरियाच असंल म्हणून स्वतःची स्लाइड स्वतःच काढली, निगेटिव्ह आली तर पुन्हा काढली! लघवीले आग होती, खाली बसलं का दुखे, ते मी बायकोलेही सांगितलं नाई. तिसऱ्या दिवशी थेंब थेंब. तालुक्याले एका लॅबवाल्यानं अख्खं पॅकेजच केलं, त्यात पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्तातली तपासणी, निघालं १८. कागदावर ४ च्या आत पायजे लिहिलेलं अन् माझ्या १८ खाली जाड काळी रेघ. तिथला पोरगा म्हणते, काका, गाठीचा प्रॉब्लेम दिसते.

झालं, दिवे लागाच्या आत गावभर. साळ्यानं अमरावतीहून मुंबईची तिकिटं पाहाले सुरुवात केली. पैसे पायजे म्हणून घरातला १४ क्विंटल कापूस खेडा खरेदीवाल्याले पडत्या भावात देऊन टाकला. एक शेजारी तर त्याचा फवारणी पंप मागाले आला, म्हणे भाऊ, हिशेब राहू नये. (हशा) हसा, हसा, तो इथंच बसला आहे.

नागपूरच्या डॉक्टरनं रिपोर्ट बाजूले ठेवला अन् पहिले इचारलं, ताप होता का? होता जी. मग म्हणे, तापात हे तपासणी कराले सांगितलं कोणी? लघवी कल्चरले पाठवली, ई कोलाय जंतू निघाला, म्हणजे कॅन्सर नाई, गाठीले जंतूची सूज होती, ४ आठवडे अँटिबायोटिक घेतलं. दोन महिन्यांनी पीएसए २ च्या खाली. तोवर कापसाचा भाव चढला होता, ते दुखणं अजून गेलं नाई.

सरपंच घड्याळ दाखवून राहिले, भजनवाले आले म्हणे. मुख्य विषय तर आता होता! पाच मिनिटं द्या.

पीएसए हे प्रोस्टेटमधलंच प्रोटीन, एरवी वीर्यात जाते, रक्तात थोडंसंच. धुरा फुटला का पाणी शेजाऱ्याच्या वावरात जाते ना, तसं गाठीले धक्का बसला का ते रक्तात जास्त उतरते. धुरा पावसानं फुटला का उंदरानं पोखरला, हे पाणी पाहून समजत नाई. जंतूची सूज, वयानं वाढलेली गाठ, कॅन्सर, तिन्हीत आकडा वाढते.

जंतूची सूज एकदम येते, ताप, थंडी, आग. दुसरी जुनाट, तीन-तीन महिने कमरेखाली दुखत राहते अन् बहुतेकदा जंतू सापडतच नाई, तिथं गोळ्या बदलत बसू नका, डॉक्टरले सरळ इचारा. सूज कुठल्याही वयात, पन्नाशीच्या आतले गडीही लय असतात. कॅन्सर बहुतेक पन्नाशीनंतर, बापाले-भावाले असंल तर जास्त सावध राहा. अन् तो सुरुवातीले दुखतच नाई, पसरला का मग कंबर, हाडं. म्हणजे दुखते म्हणून कॅन्सर नाई, अन् दुखत नाई म्हणून सुटलो असंही नाई. पक्कं होते ते सुईनं तुकडा काढून, बायोप्सीनं, एकट्या आकड्यानं नाई. सूज आली म्हणजे पुढं कॅन्सर होतेच असं सिद्ध झालेलं नाई. पण औषध संपल्यावर पीएसए पुन्हा करा, वरच राहिलं तर पुढची तपासणी चुकवू नका.

अन् ताप असून लघवी बंद झाली तर त्याच रात्री दवाखाना गाठा, सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. टाळ वाजाले लागले, माइक देतो, बाकीचं पारावर इचारा.