कामाच्या पोटातला खेळ

(दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या पालकांसमोर ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. इथे बसलेल्या बऱ्याच जणांची सकाळ ठाणे स्टेशनच्या घड्याळावर चालते. लोकल चुकली की पुढचं सगळंच चुकतं, आणि नेमकं त्याच वेळी तीन वर्षांचं मूल एक मोजा हातात धरून जमिनीवर लोळत असतं. ‘पाच मिनिटांत आवर’ हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही, कारण मिनिट हे माप या वयात मुलाजवळ नसतं. ‘आधी मोजे, मग लिफ्टचं बटण’ हे मात्र दोन वर्षांच्या मुलालाही कळतं.

खेळाचं नाव काढलं की आपण तो कामाच्या शेपटाला बांधतो. ‘दात घास, मग पकडापकडी खेळू.’ हा झाला सौदा, आणि सौद्याचा भाव रोज चढतो. किंवा रडू थांबवायला आधी खेळवतो, मग खेळ तोडून कामाला ओढतो. म्हणजे दोनदा रडारड. खेळ कामाच्या पोटातच असला पाहिजे. तो संपेल तेव्हा कामही संपलेलं असेल, अशीच त्याची रचना हवी.

दात घासण्याचं उदाहरण जरा सावकाश पाहू, कारण सगळ्यात जास्त झटापट तिथे होते. तोंड म्हणजे दोन मजली इमारत. प्रत्येक मजल्याला बाहेरची गॅलरी, आतली खोली आणि फरशी, म्हणजे चावायचा पृष्ठभाग. दोन मजल्यांवर तीन-तीन, अशा सहा जागा. प्रत्येक जागी साधारण वीस सेकंद दिले की दोन मिनिटं भरतात. आपण फक्त जागेचं नाव घ्यायचं: ‘आता वरची गॅलरी झाडतोय. इथे पोह्यातला कांदा राहिलाय बघ!’ सकाळी खरोखर जे खाल्लं त्याचंच नाव घ्या, मुलं ते लगेच ताडतात.

मुलाला बेसिनपाशी उभं करून समोरून घासू नका. वरच्या दाढा दिसतच नाहीत. खाली बसा, त्याची पाठ आपल्याकडे करून त्याला मांडीत घ्या आणि डोकं आपल्या छातीवर टेकवा. तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. सुरुवात पुढच्या दातांच्या बाहेरच्या बाजूने करा. थेट दाढांकडे गेलात की उबळ येते आणि दुसऱ्या दिवशी तोंड उघडत नाही. ब्रश चावून धरत असेल तर त्याच्या हातात त्याचा वेगळा ब्रश द्या. आधी त्याची पाळी, मग आपली. ही आपली पाळी सात-आठ वर्षांपर्यंत सोडायची नाही, कारण तोवर हाताला तेवढी सफाई आलेली नसते.

आता क्रम. ऐरोली, कोपरखैरणेच्या मुलांना गाडीतल्या ‘पुढील स्टेशन’च्या घोषणेचा सूर पाठ असतो. त्याचाच उपयोग करा. पुठ्ठ्याची एक हातभर पट्टी घ्या आणि तिच्यावर सकाळच्या कामांची चित्रं ओळीने चिकटवा: शी-शू, दात, कपडे, बूट. दोन वर्षांच्या मुलाला तीन चित्रं पुरे, चार वर्षांच्याला पाच चालतील. पट्टी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. कपडे वाळत घालायचा चिमटा ही गाडी. एक काम झालं की मुलाने स्वतः चिमटा पुढे सरकवायचा आणि घोषणा करायची. इथे एक चूक हमखास होते: घाईत चिमटा आपणच सरकवतो. मग गाडी आपली होते आणि मूल फलाटावरच राहतं. दुसरी चूक रोज नवा खेळ काढण्याची. तीच गाडी, तीच स्टेशनं आठवडेच्या आठवडे चालू द्या. कंटाळा आपल्याला येतो. मुलाला पुढे काय येणार हे आधी माहीत असण्यातच मजा वाटते.

बुटांसाठी एक साधी युक्ती. पाखराचं मोठं स्टिकर उभं मधोमध कापा. डावा अर्धा भाग डाव्या बुटात, उजवा उजव्या बुटात, टाचेच्या जागी आतल्या कडेला लावून. बूट शेजारी ठेवले की पाखरू पूर्ण होतं; उलटे ठेवले तर डोकं एकीकडे, शेपूट भलतीकडे. ‘चुकलास’ हे आपल्याला म्हणावंच लागत नाही.

पावसाळ्यात रेनकोटची भर पडते. पुढून पूर्ण उघडणारा कोट जमिनीवर पसरा, आतली बाजू वर आणि टोपी मुलाच्या पावलांकडे. मूल वाकून दोन्ही हात बाह्यांत घालतं आणि डोक्यावरून मागे उडवतं. कोट पाठीवर! टोपी पलीकडच्या टोकाला राहिली तर कोट उलटा चढतो, म्हणून टोपीपाशी उभं राहायचं एवढंच शिकवा. तीन वर्षांच्या आसपास हे जमू लागतं.

जेवणात मात्र खेळाला हद्द हवी, आणि इथे मी आज्यांची नाराजी पत्करून बोलते. चिऊचा घास, काऊचा घास जरूर. पण बसून, आणि घास तोंडात असताना हसवायचं नाही. घरभर पळत भरवताना अन्न श्वासनलिकेत अडकू शकतं. द्राक्षाचे उभे चार तुकडे करा, अख्खे शेंगदाणे देऊ नका. खेळ ताटाच्या आधी घ्या: मटार सोलणं, कोथिंबीर खुडणं, पोळीचा गोळा थापणं. किती खायचं ते मुलाने ठरवावं. ‘अजून एक विमान’ करत पोट भरल्यावरही भरवलं तर भूक ओळखायची सवय मोडते.

आंघोळीला बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि कोपर बुडवून बघायचं. पेला, गाळणी, रिकामी बाटली एवढी खेळणी भरपूर झाली. दाराची बेल वाजली तरी मुलाला पाण्यापाशी एकटं सोडू नका; आंघोळ झाली की बादली उपडी करा.

पसारा आवरताना ‘सगळं उचल’ म्हणू नका. ‘लाल ठोकळे कुठे लपलेत?’ म्हणा, ते झाले की निळे. दोन भावंडांची शर्यत मात्र नको, एक जण रोज हरतो. दोघांनी मिळून दहा अंक मोजून व्हायच्या आत टोपली भरावी.

रात्रीचे खेळ उतरत्या आवाजाचे हवेत. गुदगुल्या, उड्या संध्याकाळीच उरका. अंथरुणावर पडण्याआधी घरातल्या वस्तूंना एकेक करून निजवा: चपला झोपल्या, पाण्याची बाटली झोपली, पडदा झोपला. पहिलं नाव नेहमीच्या आवाजात, दुसरं हळू, शेवटचं कुजबुजत. मग मुलाला कडेवर घ्या आणि दिव्याचं बटण त्यालाच दाबू द्या.